शेरा खरा, हिशेब त्याच दिवशी

ग्रामीण डाक सेवकांच्या गुणवत्ता यादीत नाव लागलं, कागदपत्रं तपासून झाली आणि यवतमाळ विभागातल्या एखाद्या ब्रँच ऑफिसचा आदेश हातात पडला, की पहिली चौकशी होते पगाराची आणि दुसरी बदलीची. दोन्ही रास्त आहेत. निवड दहावीच्या गुणांवर होते, अर्ज राज्यात कुठूनही करता येतो. म्हणून परभणीची मुलगी झरी-जामणीत येते आणि कोल्हापूरकडचा मुलगा उमरखेडच्या जंगलपट्ट्यात. आल्यावर प्रशिक्षणात ॲप शिकवतात, फॉर्म शिकवतात. गाव शिकवायला कोणी नसतं. हा लेख त्या उरलेल्या भागाबद्दल आहे.

आधी पैशाचं बोलून घेऊ. सहायक ब्रँच पोस्टमास्तर म्हणजे एबीपीएम आणि डाक सेवक यांना चार तासांच्या कामाचे मूळ १०,००० आणि पाच तासांचे १२,००० रुपये. ब्रँच पोस्टमास्तरला, म्हणजे बीपीएमला, १२,००० आणि १४,५००. त्यावर महागाई भत्ता. हे दर १ जुलै २०१८ पासूनचे. पोटापाण्याचं दुसरं साधन असावं, असं नियमच गृहीत धरतो. बीपीएमला पोस्टाच्या गावातच राहावं लागतं आणि ऑफिससाठी जागाही त्यानेच द्यायची असते. म्हणून रुजू होण्याच्या आनंदात हप्त्यावर नवी मोटरसायकल उचलण्याआधी खोलीभाडं, पेट्रोल आणि घरी पाठवायचे पैसे यांचा हिशेब कागदावर मांडा. सहा महिन्यांत राजीनामा देऊन परत जाणारे बरेचदा कामाला कंटाळलेले नसतात, या हिशेबात अडकलेले असतात.

आता काम. पहिले आठ-दहा दिवस जुन्या डाक सेवकाबरोबर, ते शक्य नसेल तर गावातल्या कोतवालाबरोबर किंवा आशाताईबरोबर पूर्ण बीट, म्हणजे तुमच्या वाटपाचा सगळा भाग, पायी फिरा. गाडीवरून रस्ता कळतो, घरं कळत नाहीत. सोबत दोनशे पानी वही ठेवा आणि प्रत्येक वस्तीला वेगळी पानं द्या. घरातल्या कर्त्याचं नाव, बापाचं नाव, गावात ज्या नावाने ओळखतात ते नाव, मोबाईल नंबर, शेत कोणत्या बाजूला आणि घरातलं कोण बाहेरगावी, इतकं लिहा. खाते क्रमांक, आधार क्रमांक, ओटीपी यातलं काहीही त्या वहीत येता कामा नये. वही हरवते, आणि हरवली की ती कोणाच्या हाती लागेल ते सांगता येत नाही.

वहीची गरज का, ते पहिल्याच आठवड्यात कळेल. पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे. यवतमाळ जिल्ह्याचे पिन ४४५ ने सुरू होतात आणि पुढचे तीन अंक वाटप करणारं ऑफिस दाखवतात: यवतमाळ मुख्य डाकघर ४४५००१, पुसद ४४५२०४, वणी ४४५३०४. मात्र ब्रँच ऑफिसला स्वतःचा पिन नसतो, तो त्याच्या अकाउंट ऑफिसचाच, म्हणजे ते ज्या डाकघराला जोडलेलं आहे त्याचाच असतो. म्हणजे एकाच पिनखाली कितीतरी गावं, त्यांत एखादं खुर्द, एखादं बुद्रुक, दोन-तीन पोड, म्हणजे कोलामांच्या वस्त्या, आणि एखादा बंजारा तांडा. पिनने टपाल तालुक्यापर्यंत येतं. तिथून पुढे दारापर्यंत न्यायला माणसांची माहितीच लागते.

त्यात नावांचा घोळ. वणी नाशिक जिल्ह्यातही आहे, कळंब धाराशिवमध्येही, नेर धुळ्याकडेही. घाईत पाकिटावरचं फक्त गावाचं नाव वाचलं तर दुसऱ्या जिल्ह्याचं पाकीट तुमच्या पिशवीत पडून राहतं. आधी पिन वाचा, मग तालुका, मग गाव. चुकून आलेलं टपाल त्याच दिवशीच्या थैलीतून परत पाठवा. ते टेबलाच्या खणात गेलं की महिनाभर तिथेच राहतं, हे खात्यातला कोणीही सांगेल.

पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव भागातल्या बंजारा तांड्यांवर निम्म्या दारांवर राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे हीच आडनावं दिसतील. एकाच नावा-आडनावाची तीन माणसं एका तांड्यावर सहज निघतात. तिथे बापाचं नाव विचारल्याशिवाय पाकीट हातातून सोडू नका. तांड्याचे म्होरके म्हणजे नाईक आणि कारभारी, यांची ओळख पहिल्याच फेरीत करून घ्या. ते कोण कुठे राहायला गेलं हे बसल्याजागी सांगतात. झरी, मारेगाव, केळापूर, घाटंजी, राळेगावकडच्या कोलाम पोडांवर घरांना नंबर असतीलच असं नाही, आणि पत्त्यावर पोडाचं नाव न येता जवळच्या मोठ्या गावाचं नाव येतं. अंगणवाडीताईला विचारा. पोडावरच्या बायाबापड्यांशी अधिकाऱ्याच्या आवाजात बोललात तर पुढच्या खेपेला दारं लावलेली दिसतील. खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणलाय, सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत. पोडासारख्या ठिकाणी तो खरोखर कामाचा ठरू शकेल. पत्त्यावर तो लिहिला जाऊ लागेपर्यंत आपली वही सांभाळा.

लग्न होऊन आलेल्या सुनांचं टपाल हा वेगळा अभ्यास आहे. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, आणि गावात ती फक्त अमक्याची सून. अशा पाकिटावर 'या नावाची व्यक्ती गावात नाही' असं लिहून ते परत पाठवलं, तर तिचं एटीएम कार्ड किंवा पॅनकार्ड परत जातं आणि ते पुन्हा मागवताना तिला किती चकरा पडतात याचा विचार करा. बचत गटाच्या बैठकीत पाच मिनिटं जाऊन बसलात तर अशी बरीच नावं जुळतात.

वेळेचंही तसंच. आपली थैली सकाळी उशिरा येते आणि दुपारी आपण दारात उभे राहतो, तेव्हा गावात फक्त म्हातारी माणसं आणि कुत्री असतात. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून पुढे कापसाची वेचणी; रोही आणि रानडुकरांच्या भीतीने माणसं रात्रीही जागलीला शेतातच. "तो तं पुण्याले गेला भाऊ, आता दिवाईलेच येते," हे उत्तर तुम्हाला रोज ऐकायचं आहे. पुसद-उमरखेड-महागावच्या तांड्यांवरची कितीतरी कुटुंबं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात ती पाडव्याच्या सुमाराला परततात. म्हणून सहीचं टपाल आलं की निघण्याआधी वहीतल्या नंबरवर फोन करा. आठवडी बाजाराचा दिवस हेरून ठेवा: बाजारात भेटलेल्या माणसाला 'तुमचं पाकीट आलंय, ऑफिसात या' एवढा निरोप दिला तरी दोन खेपा वाचतात.

इथून पुढचं जरा सावकाश वाचा, कारण नव्या माणसाच्या हातून सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. ते म्हणजे न वाटलेल्या पाकिटावरचा शेरा.

२०२५ मध्ये देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आणि रजिस्ट्रेशन ही स्पीड पोस्टवर जास्तीची सोय म्हणून घेता येऊ लागली. ओटीपीवर वाटपाचीही सोय आली. नावं बदलली तरी कोर्टाच्या लेखी तुमच्या शेऱ्याचं वजन तेच आहे. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ च्या कलम २७ प्रमाणे बरोबर पत्त्यावर, तिकीट लावून, रजिस्टरने पाठवलेला कागद पोचला असं कायदा गृहीत धरतो. पोचला नाही हे समोरच्याला दाखवून द्यावं लागतं. चेक न वटल्याच्या प्रकरणात नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरायचे असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सी. सी. अलवी हाजी प्रकरणात हेच गृहीतक चेकच्या नोटिशीलाही लागू धरलं. 'घेण्यास नकार', 'घर बंद' असे शेरे घेऊन परत गेलेली नोटीससुद्धा बजावली गेली असं कोर्ट मानू शकतं. म्हणजे तुम्ही पोडावर गेलाच नाहीत आणि संध्याकाळी ऑफिसात बसून 'घेण्यास नकार' लिहिलंत, तर ज्या माणसाने ते पाकीट कधी पाहिलंही नाही त्याच्यावर नोटीस बजावली गेली. वकील लावून ते खोटं पाडायची ऐपत त्याची नसते.

वाटपाची नोंद करायच्या मशीनवर दोन बटणं दाबली की काम संपतं, म्हणून संध्याकाळी उरलेल्या सगळ्या पाकिटांना एकच कारण देऊन मोकळं होण्याची सवय लागते. ती लावून घेऊ नका. मशीनवरच्या नोंदीबरोबर पाकिटाच्या पाठीवरही लिहा, आणि असं लिहा: 'दि. १२/११, दु. १.१५. घर बंद. कापूस वेचायला शेतात, असे शेजारी सांगतात. सूचना दिली.' खाली सही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात तर त्याखाली दुसरी ओळ. 'नकार' हा शब्द तेव्हाच, जेव्हा पत्त्यावरच्या माणसाने स्वतः, तुमच्या तोंडावर घेत नाही म्हटलं असेल. सून म्हणाली 'मामंजी घरी नाहीत', तर तो नकार होत नाही. घर बंद असेल तर सूचना देऊन सात दिवस पाकीट ऑफिसात ठेवायचं असतं. ते सात दिवस मिळणं हा त्या माणसाचा हक्क आहे, चौथ्या दिवशी परत पाठवू नका. नाल्याला पूर होता म्हणून गेला नसाल तर तेच कारण त्याच दिवशी अकाउंट ऑफिसला कळवा. खऱ्या कारणाची नोंद तुमच्या बाजूने उभी राहते; खोटा शेरा चौकशीत उघडा पडतो आणि नोकरी त्यात जाते.

नुकसान होण्याची दुसरी जागा पैशाची. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली आणि डाक सेवकाच्या पिशवीत बँक आली. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये बायांच्या खात्यात पडू लागले, शिवाय निराधार आणि श्रावणबाळचं अनुदान, पीएम किसानचे हप्ते. पैसे जमा झाल्याची बातमी मोबाईलवर फिरली की दुसऱ्या सकाळी तुमच्या दारात रांग असते. अशा दिवसाचा अंदाज घेऊन आदल्या दिवशीच अकाउंट ऑफिसकडे रोकड मागा. रोकड संपली म्हणून चार किलोमीटर चालत आलेली म्हातारी परत गेली, तर दोष आपल्या नियोजनाचा आहे.

पैसे काढायला मशीनवर अंगठा लावताना घाई नको. वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी बायांची बोटं फाटलेली असतात, म्हाताऱ्यांच्या बोटांवरच्या रेषाच गेलेल्या असतात. बोट धुवायला लावा, कोरड्या फडक्याने पुसा, अंगठा चालला नाही तर दुसरं बोट बघा. व्यवहार अडकला आणि पैसे खात्यातून गेले की नाही कळत नसेल, तर आधी शिल्लक तपासा, त्याशिवाय दुसऱ्यांदा बोट लावायला सांगू नका. एकदा पैसे देऊन दोनदा अंगठा घेण्याचे प्रकार गावोगावी इतके झालेत की लोक तुमच्याकडेही त्याच नजरेने बघतील, आणि त्यांचं चुकत नाही. म्हणून पद्धत ठरवून टाका: अंगठा कशासाठी घेतोय ते आधी सांगायचं, किती रुपये निघाले ते शेजारच्याला ऐकू जाईल असं नाही पण तिला नीट ऐकू येईल अशा आवाजात सांगायचं, नोटा तिच्या हातावर एकेक मोजायच्या, शिल्लक सांगायची, पावती द्यायची. 'चहापाण्याला ठेव भाऊ' म्हणून पुढे केलेली दहाची नोट परत तिच्या मुठीत ठेवा. ती नोट एकदा घेतली की पुढच्या महिन्यात ती सक्ती वाटायला लागते.

भरण्याचे पैसे त्याहून जपायचे. कोणी सुकन्या समृद्धीचे २५० रुपये रस्त्यात हातात ठेवले तर तिथेच मशीनवर नोंद, तिथेच पावती, पासबुकात नोंद आणि शिक्का. मशीन चालत नसेल तर पैसे घेऊच नका. लोक विश्वासाने म्हणतात, पासबुक तुमच्यापाशीच राहू द्या. ठेवू नका. 'उद्या भरतो' या दोन शब्दांपासून सुरू झालेली अपहाराची प्रकरणं खात्याला नवीन नाहीत; बहुतेकांत सुरुवात चोरीच्या इराद्याने झालेली नव्हती, दवाखान्याची निकड होती, पगाराला चार दिवस अवकाश होता, नंतर भरून टाकू असं वाटलं. सरकारी रोकड आणि स्वतःचे पैसे एका खिशात ठेवू नका. दिवसाअखेर हिशेब जुळवा. शंभर रुपये कमी आले तर त्याच दिवशी कळवून भरा, जास्त आले तरी त्याच दिवशी कळवा. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रोकड ब्रँच ऑफिसात मुक्कामाला ठेवू नका.

आता एक गोष्ट, जी नियमांच्या पुस्तकात इतक्या उघडपणे सापडणार नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर नाव गेलेल्या जिल्ह्यात तुम्ही कर्जवसुलीच्या नोटिसा वाटणार आहात. पाकिटावर बँकेचं किंवा वकिलाचं नाव असतं, आणि चावडीवर बसलेल्या चौघांना ते लांबूनही ओळखू येतं. असं पाकीट चारचौघांत देऊ नका, पानठेल्यावर देऊ नका, लेकरांच्या हाती देऊ नका. घरी जा, माणसाला बाजूला घ्या, सही घ्या आणि हातात द्या. वाचून दाखव म्हणाला तर सगळं वाचा, मधलं गाळू नका; तारीख आणि कुठल्या कार्यालयात जायचं ते दोनदा सांगा. लोकअदालतीची नोटीस म्हणजे पोलीस येणार असं बऱ्याच घरांत वाटतं. तसं नसतं, तिथे तडजोड होते, हे सांगा. फुकट वकिलाची सोय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे असते, हेल्पलाइन १५१००. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि कोणाला काय आलं हे कोणी कितीही खोदून विचारलं तरी सांगायचं नाही, सरपंचालाही नाही.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. काळ्या मातीचा रस्ता पहिल्या सरीतच सायकल अडवतो. मडगार्डमध्ये चिखल गच्च बसतो, म्हणून गावकरी ते काढूनच ठेवतात. टपाल आधी पन्नीत, मग पिशवीत. पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा, मग ते घोट्याइतकं दिसो. सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर एसटीची अख्खी बस वाहून गेली आणि माणसं गेली. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं होतं. टपाल एक दिवस उशिरा गेलं तर चालतं. उन्हाळ्यात पारा ४५ पर्यंत जातो. डोक्याला दुपट्टा, पाणी, मीठ-साखर, आणि लांबची वस्ती शक्य तितक्या लवकर. टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्यांच्या कडेच्या गावांत, तसंच राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात, अंधार पडायच्या आत परत फिरा आणि वनरक्षकाचा नंबर जवळ ठेवा. मुलींनी आपला रोजचा मार्ग आणि परतायची वेळ बीपीएमला सांगून निघावं. वाटेतल्या शाळा, अंगणवाड्या, उपकेंद्रं कुठे आहेत ते पहिल्याच फेरीत पाहून घ्यावं, पाणी आणि स्वच्छतागृह तिथेच मिळतं.

टार्गेटचा दाब येईल. खाती उघडा, ग्रामीण डाक जीवन विमा आणा, असे फोन वरून येतात. हा विमा १९९५ पासून आहे आणि योजना म्हणून चांगली आहे, पण कापूस विकल्यावरच ज्याच्या हाती पैसा येतो त्याला दरमहाचा हप्ता गळ्यात मारला तर दोन-चार हप्त्यांत तो थांबतो. त्याला सहामाही किंवा वार्षिक हप्ता सुचवा. आकडा भरण्यासाठी नातेवाइकांच्या नावाने खाती उघडून ठेवण्यात शहाणपण नाही.

वरिष्ठांना भिऊ नका. मेल ओव्हरसीअर तपासणीला येतो तेव्हा चुका दाखवतोच, पण अडचण विचारायची तीच संधी असते. पुढे जायचं असेल तर एमटीएस, पोस्टमन आणि पोस्टल असिस्टंटच्या खात्यांतर्गत परीक्षा आहेत. सेवेची ठरावीक वर्षं भरली की बसता येतं, आणि चार-पाच तासांच्या ड्युटीत अभ्यासाला वेळ मिळतो. वर्षाला २० दिवस सपगारी रजा आहे, सहामाहीला १० प्रमाणे. ती घ्या. मात्र रजेवर जाताना तुमच्या जागी काम करणाऱ्याला बीटची वही समजावून द्या, सात दिवसांच्या मुदतीत ठेवलेली पाकिटं तारखेसह मोजून द्या आणि त्याची सही घेऊन मगच गावाला निघा.